होडीचं पुढे काय?

होडी दुरुस्त करतोय असं ऑफिसात सांगितलं की दोन प्रश्न हमखास येतात. "तुला येतं का ते?" आणि "खर्च किती आला?" पहिल्याचं उत्तर 'नाही'. दुसऱ्याचं उत्तर इथे देत नाही, कारण बायको हे वाचणार आहे :) तिसरा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. दुरुस्त झाल्यावर त्या होडीचं करायचं काय? खरं सांगतो, लाकूडकामापेक्षा जास्त डोकं या प्रश्नाने खाल्लं.

होडी माझी नाही, हे आधीच सांगून टाकतो. श्रीवर्धनच्या बाजूला एका खाडीकाठी मित्राचं गाव आहे, तिथल्या त्याच्या काकांची ती. सागाच्या फळ्यांची, वीस-बावीस फुटांची, खाडीत आणि किनाऱ्याजवळ जाळं टाकायला नेण्याजोगी. काकांचे गुडघे गेले आणि होडी माडाखाली निळ्या प्लास्टिकच्या कापडाखाली जाऊन बसली. चार पावसाळे तशीच. दोन्ही मुलं पनवेलला नोकरीत. दिवाळीनंतर एका रिसॉर्टवाल्याने ती मागितली. मधोमध कापायची, अर्धा भाग गेटपाशी उभा करायचा, आत फळ्या ठोकून शोभेच्या वस्तू मांडायच्या, असा त्याचा बेत. पैसे रोख. काकू म्हणाल्या, देऊन टाका. काका काहीच बोलले नाहीत. ते गप्प बसलेले बघवेना, म्हणून मित्राने आणि मी पावसाळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली.

म्हणजे जानेवारी ते मे. शनिवारी पहाटे पुण्याहून निघून ताम्हिणी घाट उतरायचा, रविवारी रात्री परत चढायचा.

पहिला महिनाभर आम्ही दुरुस्त असं काहीच केलं नाही. गावात होड्यांची कामं करणारे एक सुतारमामा आहेत. त्यांनी हातात करवत दिली नाही, हातोडी दिली. "ठोकत जा आणि ऐकत जा," म्हणाले. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं. जिथे आवाज बदलेल तिथे खडूने खूण करायची आणि टोच्या खुपसून बघायचा. तो सहज आत गेला की समजायचं, फळी गेली. दोन शनिवारांत होडीवर इतक्या खुणा झाल्या की बालवाडीतल्या पोरांनी पाटी रंगवावी तसं दिसायला लागलं.

खुणा कुठे होत्या ते बघून मी चकितच झालो. माझी समजूत अशी की लाकूड कुजवतं ते समुद्राचं पाणी. पण सगळ्यात वाईट अवस्था वरच्या काठाची आणि आतल्या कोपऱ्यांची होती, म्हणजे जिथे पावसाचं पाणी साचलं तिथे. लाकूड कुजवणारी बुरशी वाढते ती गोड्या पाण्यावर. खारट पाणी तिला मानवत नाही. प्लास्टिकच्या फाटक्या कापडातून पाणी आत जात होतं, पण वारा खेळत नव्हता. पूर्वी पावसाळ्यात होड्या माडाच्या झापांनी शाकारत असत, त्यात पाऊस अडायचा आणि हवाही लागायची.

समुद्रात वेगळा शत्रू असतो. टेरेडो नावाचा प्राणी. इंग्रजीत त्याला किडा म्हणतात, पण तो आहे शिंपल्याच्या जातीचा. अगदी बारीक असताना टाचणीएवढ्या भोकातून लाकडात शिरतो आणि आत पोखरत, वाढत जातो. बाहेरून फळी अगदी धडधाकट दिसते, आत नुसत्या नळ्या. आमच्या होडीच्या तळाच्या तीन फळ्या अशाच निघाल्या. मार्क ब्रुनेल या इंजिनिअरला बोगदा खणण्याचं यंत्र सुचलं ते याच प्राण्याचं काम बघून, असं सांगतात. त्याने १८१८ साली त्याचं पेटंट घेतलं आणि पुढे त्याच पद्धतीने लंडनला थेम्स नदीखालून बोगदा काढला. कौतुक आहेच, पण हातात ती फळी धरली की कौतुक जरा कमी होतं.

आमच्या धंद्यातल्या लोकांना इथे जुन्या कोडची आठवण होणारच. मलाही झाली. 'सगळं फेकून नव्याने लिहू' ही खाज इथेही सुटते. नेटस्केपने तेच केलं होतं, आणि २००० साली नवी आवृत्ती येईपर्यंत मार्केट हातचं गेलं होतं. पण ही तुलना थोडीच पुढे जाते. कोडचा बॅकअप असतो. लाकडावर एकदा करवत चालली की चालली. म्हणून मामा प्रत्येक फळीपाशी एकच गोष्ट विचारायचे, "हिच्यातलं किती राखता येईल?" किती बदलायचं, हे नाही.

तीन फळ्या पूर्ण बदलल्या. दोन फळ्यांचा कुजलेला भागच काढला. नवा तुकडा जोडताना टोकं सरळ कापून भिडवायची नसतात, दोन्ही बाजू लांबलचक तिरक्या तासून एकमेकींवर बसवायच्या असतात, म्हणजे जोडाला ताकद येते. जुने लोखंडी खिळे काढले तर प्रत्येकाभोवतीचं लाकूड काळं आणि मऊ पडलेलं. गंज नुसता खिळ्याला खात नाही, आजूबाजूच्या लाकडालाही घेऊन जातो. नवे खिळे जस्ताचा मुलामा दिलेले घेतले. आतली एक बरगडी मोडली होती. तिच्यासाठी मामा फळी कापून वाकडा आकार काढतील असं मला वाटलं होतं. ते दोन दिवस बाभळी बघत फिरले आणि नेमक्या वळणाची फांदी घेऊन आले. फांदी मुळात वाकडी वाढलेली असेल तर तिच्या रेषाही वळणाबरोबर जातात, म्हणून ती तिथे तडकत नाही.

शेवटी सांधे. दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाचा पीळ बोथट पटाशीने ठोकून बसवायचा आणि वर राळ नि तेलाचा लेप. वाचायला एक ओळ आहे, करायला आम्हाला पाच वीकेंड लागले. कापूस कमी ठोकला तर गळतं, जास्त ठोकला तर लाकूड फुगल्यावर फळीच खिळ्यांवरून उचलते.

मधेच गावातल्या काहींनी सल्ला दिला की एवढा खटाटोप कशाला, वरून फायबर मारून घ्या. हल्ली नव्या होड्या फायबरच्याच असतात आणि त्यात काही वाईट नाही. हलक्या असतात, देखभाल कमी. पण जुन्या लाकडावर फायबरचं कवच चढवलं की लाकूड आत फुगतं-आकसतं, कवच मात्र हलत नाही. मग कुठेतरी ते सुटतं, आत पावसाचं पाणी अडकतं, आणि पुन्हा तीच बुरशी. फरक एवढाच की आता ती दिसत नाही.

याच सुमारास तिसरा प्रश्न खरोखर समोर आला. जुन्या जहाजांचं काय करतात, म्हणून मी वाचायला घेतलं. 'ट्रिंकोमाली' नावाचं ब्रिटिश नौदलाचं जहाज १८१७ साली मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं, जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली, सागाच्या लाकडाचं. १९९०च्या दशकात इंग्लंडमधल्या हार्टलपूलला त्याची मोठी दुरुस्ती झाली. ते आजही पाण्यावर आहे, लोक तिकीट काढून बघायला जातात. उलट आपल्या नौदलाचं 'कौंडिण्य' बघा. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून, फळ्या काथ्याने शिवून बांधलेलं. मे २०२५ मध्ये कारवारला ते दाखल झालं आणि त्याच डिसेंबरात शिडांवर पोरबंदरहून मस्कतला निघालं, जानेवारीत पोचलंही. म्हणजे एक जपलंय बघण्यासाठी, दुसरं बांधलंय चालवण्यासाठी. दोन्ही आपल्या जागी बरोबर.

पण काकांची होडी बघायला कोण तिकीट काढणार? आणि आम्ही दोघं महिन्यातून एकदा जाऊन फेरी मारणार असू तर उरलेले दिवस ती पुन्हा माडाखालीच. रिसॉर्टच्या गेटपाशी उभं राहणं आणि आमच्या हौसेखातर पडून राहणं यात होडीच्या दृष्टीने फारसा फरक नव्हता.

हे मी एकदा जेवताना बोललो. काकूंनी भाकरी थापता थापता शेजारच्या पोराचं नाव काढलं. तो दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातो, आठ-आठ दिवस घरी नसतो, घरी लहान मूल. "तो नेईल. होडीचा वाटा देईल आपल्याला," काकू म्हणाल्या. मासेमारीत ही पद्धत जुनीच आहे. पकडीचे वाटे पडतात, त्यात माणसांचे असतात तसा होडीचाही असतो. रिसॉर्टवाल्याच्या रोख रकमेला काकूंनी शोधलेलं हे उत्तर आमच्या दोघांच्या डोक्यात आलंच नसतं. काका इतक्या महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून बोलले, "त्याला जागा दाखवाव्या लागतील. खडक कुठे आहेत ते ठाऊक नाही त्याला."

नोंदणीचे कागद पुन्हा चालू करायला मित्राने घातलेले खेटे हा वेगळा विषय आहे. असो.

मेअखेर होडी शाकारली, या खेपेला झापांनी. नारळी पौर्णिमा झाल्यावर पाण्यात ढकलली, आणि तासाभरात आत घोटाभर पाणी! मामा निवांत विडी ओढत बसलेले. कोरडं लाकूड पाणी पिऊन फुगेपर्यंत गळणारच, म्हणाले. रात्रभर ती काठाला बांधून ठेवली, पाणी उपसत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तांब्याभर पाणी येत होतं, तिसऱ्या दिवशी तेवढंही नाही.

आता तो पोरगा आठवड्यातले चार-पाच दिवस होडी नेतो. काका सकाळी काठावर खुर्ची टाकून बसतात आणि तो चुकीच्या बाजूने वळला की तिथून ओरडतात. सप्टेंबरअखेर पहिला वाटा आला. काकूंनी त्यातले थोडे पैसे बाजूला डब्यात टाकले, पुढच्या उन्हाळ्यातल्या कापसाचे आणि तेलाचे. दर वर्षी हे करावंच लागतं म्हणे. उजव्या बाजूच्या चौथ्या फळीचा आवाज मला अजून पटलेला नाही, त्यामुळे जानेवारीतले शनिवार मी आत्तापासूनच मोकळे ठेवलेत.