ओटीचा हॉल होताना



आवण संपली. आता बांध बघायचे, पाणी धरायचं, एवढंच काम. म्हणून आज भाताऐवजी घरातल्या हॉलबद्दल लिहितो. शेतकऱ्याच्या घरात हॉलसुद्धा शेतीच्या कामाचाच असतो.

आमच्या नवापूर-बोईसर पट्ट्यात जुन्या घरांना ओटी असायची. 1969 ला तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे एमआयडीसी आली, पोरं पगाराला लागली. कौलं जाऊन स्लॅब आले आणि ओटीचा हॉल झाला. ओटीवर पाहुणा बसायचा, भात मोजलं जायचं, बी पाखडलं जायचं, मजुरी वाटली जायची, दुपारी म्हातारी माणसं आडवी व्हायची. हॉलमध्ये सोफा, काचेचं टेबल आणि टीव्हीचं कपाट आलं आणि या कामांना जागाच उरली नाही.

तुळशीच्या लग्नानंतर मुलाचं लग्न आहे, म्हणून खोली नव्याने लावायला काढली. खोली 10 बाय 14 ची. मुलाने मोबाईलवर सोफासेट पसंत करून ठेवला होता. मी म्हटलं, खरेदी नंतर. आधी तीन दिवस या खोलीत कोण येतं, कुठे बसतं, ते वहीत लिहू. पिकाची नोंद ठेवतो तशीच ही.

तीन दिवसांनी वही बघितली. खोलीत सगळ्यात जास्त वेळ माझे वडील होते, वय 84. आणि दारात सगळ्यात जास्त वेळ उभ्या होत्या मजुरीच्या बाया. पायाला चिखल, आत चकचकीत लादी, म्हणून कोणी उंबरा ओलांडत नव्हतं. पाणी पण उभ्यानेच प्यायल्या.

मी दाराजवळ बाक ठेवू म्हटलं, तर मुलगा म्हणाला, "बाबा, लग्नघर आहे, बाहेरचं माणूस काय म्हणेल?" त्याचंही खोटं नाही. पण आमची मंडळी बोलली, "ज्यांच्या हाताने आवण झाली त्यांना टेकायला जागा नाही, मग सोफ्यावर बसवायचं कोणाला?" विषय तिथेच मिटला. जुन्या घराची सागाची तुळई पडून होती, सुताराकडून तिचा पाच फुटी बाक करून घेतला. तो दाराच्या आत ठेवला, बाहेर नाही. शेतातून आलो की मी पण त्याच बाकावर बसतो, चहा तिथेच. बाकासमोर साडेतीन फूट लादी मोकळी आणि खडबडीत ठेवली, काटा ठेवून पोतं मोजता येतं.

बाकी काय केलं ते थोडक्यात.

बसणं: फोमचा खोल सोफा म्हाताऱ्या माणसाचा वैरी. गुडघे वर, कंबर खाली, उठायला दुसऱ्याचा हात लागतो. वडिलांना 18 इंच उंचीची, हातांची, कडक बैठकीची खुर्ची केली. जागा खिडकीशी, म्हणजे उजेड मिळतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्याशी बोलता येतं. सोफ्याच्या जागी साधा दिवाण, रात्री पाहुण्याला झोपायला होतो.

खारी हवा: समुद्र जवळ, त्यामुळे लोखंडी पाइपच्या सामानाला दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. प्लायवूड खालून फुगतं. सामान सगळं लाकडी, सहा इंच पायांवर. खालून झाडू फिरतो, ओल दिसते. भिंतीपासून चार बोटं अंतर. खिडक्या समोरासमोर, मध्ये उंच कपाट नाही.

बी: भाताचं बी 12 टक्क्यांच्या आसपास ओलाव्यापर्यंत वाळवून झाकणाच्या पिंपात भरायचं. दाताखाली दाणा कट् करून तुटला पाहिजे. पिंप फळीवर, उन्हाच्या भिंतीपासून लांब. त्यासाठी आतल्या कोपऱ्यात तीन फूट जागा सोडली.

औषधं: दिवाणाचा कप्पा दिसला की फवारणीची बाटली तिथे जाते, हे घरोघरी बघतो. मंडळी, हे करू नका. बाटलीवरचा त्रिकोण बघा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. नातवंडं जिथे लपाछपी खेळतात तिथे औषध नकोच. आमचं घराबाहेर, कुलपात, पोरांच्या हाताच्या वर.

भूकंप: नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागाने किती धक्के सोसले ते आपण जाणतोच. म्हणून कपाट भिंतीला पट्टीने आवळलं. बैठकीच्या डोक्यावर फळी नाही, जड फोटो नाही.

शोभा: भिंतीवर वारली चौक काढून घेऊ असं सुचवलं गेलं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली, 2011 ला पद्मश्री मिळाली, आपल्या जिल्ह्याचा अभिमानच. पण चौक हा वारल्यांच्या लग्नातला, आत पालघट देवी बसते. टीव्हीच्या मागे शोभेला तो काढणं मला पटलं नाही. आमच्याकडे भाताच्या लोंब्यांचं तोरण बांधू, कापणीनंतर ताज्या लोंब्यांचं. आणि खुर्चीजवळ वडिलांची पावसाच्या नोंदींची वही, खुंटीला टांगून.

सोफासेटपेक्षा खर्च कमी आला. उरलेल्या पैशात दोन नवी पिंपं घेतली. मुलगा पहिले दोन दिवस बाकावर बसला नाही. काल मोजणीला बसला होता, शेजारी बाया, मध्ये मजुरीची वही, सगळ्यांच्या हातात चहा.

तुम्ही हॉल लावणार असाल तर दुकानात जायच्या आधी तीन दिवस वही ठेवा. दारात उभं कोण राहतं, ते पहिल्यांदा लिहा.