आतली पट्टी

नवा बूट पायात घातल्यावर पहिल्या आठवड्यात जे घडते, त्याला मराठीत फार नेमका शब्द आहे. बूट 'चावतो'. सैल बुटाला मात्र आपण असा शब्द दिलेला नाही. तो 'निघतो', 'फटफट वाजतो', एवढेच म्हणतो. वास्तविक सैल बूटही चावतोच. पाय आत पुढेमागे सरकत राहतो आणि टाचेवर फोड येतो. वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांनी थोरल्या भावंडांचे बूट वापरून शाळा पार पाडली आहे, त्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आमच्या घरी बूट विकत घेतला जाई तो आजच्या पायासाठी नव्हे, तर दोन वर्षांनंतरच्या पायासाठी. पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट आधी थोरल्या भावाच्या पायात वाढत आणि मग माझ्याकडे येत. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते एसटीत कंडक्टर होते. जून उजाडला की ते अंगणात बसून माझ्या बुटांच्या टोकांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत. पावसात त्या कागदाचा लगदा होई. रात्री तो बोटांनी उकरून काढायचा, बूट चुलीपाशी उपडे ठेवायचे आणि सकाळी नवे बोळे भरायचे. एवढे करूनही बूट टाचेतून निघतच असे आणि कवायतीच्या रांगेत माझा पाय बुटाच्या अर्धा क्षण आधी पुढे जाई.

या रोगाचे निदान केले ते साताऱ्याच्या स्टँडबाहेर गटईकाम करणाऱ्या एका मामांनी. अण्णांची त्यांच्याशी रोजची ओळख होती. त्यांनी बुटातला बोळा काढून बाजूला टाकला आणि म्हणाले, "पुढं कोंबून काय व्हनार? पाय वर उचला त्येचा." मग त्यांनी जाड नमद्याच्या तुकड्यावर माझे पाऊल ठेवून खडूने रेघ मारली, रापीने तो तुकडा कापला आणि बुटात तळाशी बसवला. पाय वर उचलला गेला, नाडीखालचा भाग वरच्या कापडाला जाऊन भिडला आणि बूट पायाला धरून राहिला.

त्या वेळी मला ही जादू वाटली. तिचे कारण पुष्कळ वर्षांनी उमगले. बूट पायाला धरतो तो बोटांपाशी नव्हे. तो पावलाच्या वरच्या उंचवट्यावर आणि टाचेवर धरतो. बोटांना तर पुढे बोटभर मोकळी जागाच हवी असते. टोकात बोळा भरला की ती मोकळी जागा तेवढी जाते आणि पकड मात्र जिथे सुटली होती तिथेच सुटलेली राहते. म्हणून सबंध बूट सैल असेल तर तळभर पट्टी घालावी. फक्त टाच निघत असेल तर बुटाच्या जिभेच्या आतून छोटी गादी चिकटवावी, म्हणजे पाऊल मागे रेटले जाऊन टाच आपल्या जागी बसते. दुकानात चकचकीत पाकिटांतून मिळणाऱ्या जाड, लिबलिबीत गाद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पहिला तासभर त्या गोड वाटतात आणि मग पाय त्यांच्यावर तरंगू लागतो.

तुम्ही विचाराल, मापाचाच बूट का घेऊ नये? अडचण अशी की माप ही फार ढोबळ गोष्ट आहे. आपल्याकडे रूढ असलेल्या ब्रिटिश पद्धतीत एका नंबराचे अंतर इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असते. कित्येकांचा पाय या दोन पायऱ्यांच्या मध्येच कुठेतरी थांबतो. शिवाय आपले दोन पाय सहसा तंतोतंत सारखे नसतात आणि सकाळचे पाऊल संध्याकाळपर्यंत थोडे फुगते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये एक लाखाहून अधिक भारतीयांची पावले मोजली, ती आपल्या पायांसाठी आपली मापे असावीत म्हणून. ती मापे आली तरी दोन नंबरांमधली फट राहणारच आणि ती भरायला पट्टी लागणारच.

पट्टीचा एक साधा नियम मात्र मी जाणत असूनही विसरलो. पट्टी जागा खाते. बूट मोठा असेल तरच ती उपयोगी पडते. नेटक्या बसणाऱ्या बुटात ती घालायची असेल, तर आधीची पट्टी बाहेर काढावी लागते.

अण्णांना मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली होती. डॉक्टरांनी एकदा त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू त्यांच्या तळपायावर जागोजागी टेकवला. "लागलं की सांगा." अण्णा बराच वेळ गप्प होते. परीक्षा अजून सुरू व्हायची आहे, अशा समजुतीने ते वाट पाहत होते. डॉक्टरांनी मऊ तळाची पादत्राणे वापरायला सांगितले. मी त्याच संध्याकाळी उत्साहाने एक जाड मऊ पट्टी आणली आणि अण्णांच्या नेहमीच्या काळ्या बुटांत, आतल्या पट्टीच्या वरच ती बसवली. अण्णा अंगणात दोन फेऱ्या मारून आले. "आता छान बसतात. पायात बूट आहे असं वाटतं तरी." मला फार बरे वाटले. संवेदना गेलेल्या पायाला घट्ट बूटच 'बरोबर' वाटतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

चौथ्या दिवशी अण्णांच्या मोज्यावर करंगळीपाशी डाग दिसला. मोजा काढला तेव्हा आत रुपयाएवढी जखम होती.

"अण्णा, दुखलं नाही का?"

"काय दुखायचं?" त्यांनी मलाच विचारले.

ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो. इथे ज्याचे जळत होते त्यालाच कळत नव्हते, आणि आग मी लावली होती. जखम भरायला अडीच महिने लागले. बोट वाचले. त्या काळात अण्णा मला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि तेच मला जड गेले.

त्याच दिवसांत मी डॉ. पॉल ब्रँड यांच्याविषयी वाचले. हे शल्यचिकित्सक १९४६ मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडतात, अशी तोवरची समजूत होती. वेदना नाहीशी झाल्यामुळे न कळत होणाऱ्या जखमाच बोटांचा घास घेतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या कामातूनच मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, म्हणजे 'एमसीआर'च्या पादत्राणांना चालना मिळाली. आतून मऊ रबर, म्हणजे दाब एका जागी न साठता पसरतो. खाली कठीण तळ, म्हणजे काटा आत शिरत नाही. आज मधुमेहींना हीच पादत्राणे दिली जातात.

अण्णांसाठी ती बनवणाऱ्या कारागिराने आधी त्यांना कागदावर उभे करून दोन्ही पावलांच्या रेघा मारल्या. मग जुन्या बुटातली पट्टी उपसून जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर अण्णांना उभे केले. करंगळीची सबंध बाजू पट्टीच्या बाहेर ओघळली होती. मी मान खाली घालून पाहत राहिलो. तुमच्या घरी असे कुणी वडीलधारे असतील, तर एवढी तपासणी आजच करा. तिला एक मिनिटही लागत नाही.

आता अण्णांचे जोडे रुंद आणि खोल आहेत. दिसायला ओबडधोबड म्हणून सुरुवातीला ते लग्नकार्यात घालायला तयार होत नसत. दर वेळी पायात चढवण्यापूर्वी दोन्ही जोड्यांत हात घालून बोटे फिरवायची, असा डॉक्टरांचा दंडक आहे. ओट्यावर बसून, मान वाकडी करून अण्णा ते काम सावकाश करतात. मागच्या दिवाळीत मी घरी असताना त्यांचा हात उजव्या जोड्यात मध्येच थांबला. त्यांनी आतून एक चिंचोका काढला. आदल्या दिवशी नातीने ओट्यावर सारीपाट मांडला होता. अण्णांनी तो चिंचोका उजेडात धरून पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि "अगं ए, तुझा एक कमी पडत होता ना काल?" अशी आत हाक मारली.