मामा, कोंबडी आणि अपॉप्टिन

रात्री दोन वाजता लॅपटॉप उघडून बसणं मला नवीन नाही. फ्रीलान्सिंगचा फंडाच तो. पण २०२३च्या पावसाळ्यात मी जे वाचत होते, ते कुठल्या फीचरसाठी नव्हतं. मामाच्या डोक्यातली गाठ काढली होती आणि रिपोर्ट आला होता. ग्लायोब्लास्टोमा. मेंदूच्या कॅन्सरमधला सगळ्यात खतरनाक. उपचार म्हणजे ऑपरेशन, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. २००५च्या मोठ्या चाचणीत रेडिएशनला या गोळ्यांची जोड दिली, तेव्हा निम्मे पेशंट जिथवर जगतात तो आकडा १२.१ महिन्यांवरून १४.६वर गेला. अडीच महिने! आणि ही मोठी बातमी होती.

मग एका रात्री अपॉप्टिन सापडलं. हे एका व्हायरसचं प्रोटीन, आणि तो व्हायरस कोंबडीच्या पिल्लांना अॅनिमिया करणारा. जेमतेम १२१ अमिनो आम्लांचं हे पिटुकलं प्रोटीन. आपल्या पेशींत आत्महत्येचं एक बटण असतं. पेशी बिघडली की ते दाबलं जातं. कॅन्सरची पेशी मात्र त्याची वायरच तोडून बसते. हॉलंडमधल्या लायडनच्या शास्त्रज्ञांनी १९९७मध्ये दाखवलं, की अपॉप्टिन लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशींना मारतं आणि निरोगी पेशींना सोडून देतं. निरोगी पेशीत ते केंद्रकाच्या बाहेरच बसून राहतं, कॅन्सरच्या पेशीत थेट आत घुसतं. तुटलेल्या वायरीशिवाय बटण दाबतं. सॉलिड ना?

मामाची जुन्नरकडे पोल्ट्री. मी सकाळीच फोन लावला.

"पिल्लं पांढरीफटक पडतात, तोच ना गं?" मामा हसला. "त्यानं माझं वाटोळं केलं, आता तोच वाचवणार म्हण!"

पुढचं मी सांगितलंच नाही. बशीतल्या पेशी वेगळ्या, माणसाचा मेंदू वेगळा. प्रोटीन गिळलं तर पोटात पचून जातं. रक्तातून सोडलं तर मेंदूच्या दारात अडतं. शिवाय या गाठीचे तंतू कुठवर पसरलेत, ते सर्जनलाही दिसत नाही. जपानने जून २०२१मध्ये एका बदललेल्या हर्पिस व्हायरसला अशा गाठींसाठी सशर्त मंजुरी दिली, पण तो अख्खा व्हायरस, आणि तो सुईने गाठीतच टोचावा लागतो. अपॉप्टिन अजून औषध झालेलं नाही.

मामा मात्र दर फोनला विचारायचा, "तुझ्या कोंबडीचं कुठवर आलं?" बातमीला चटपटीत हेडिंग देऊन मोकळं व्हायची माझी सवय. इथे वाचक माझा मामा होता यार! गणपतीत गेले तेव्हा सगळं खरं सांगून टाकलं. तो बराच वेळ शेडकडे बघत राहिला.

"म्हणजे पिल्लू अजून अंड्यातच आहे."

"हो."

"मग आधीच सांगायचंस की. मी काय रडणार होतो?"

दिवाळीनंतर तो गेला. शेड आता मामेभाऊ बघतो. अपॉप्टिनवर नवा पेपर आला की मी अजूनही वाचते.