ध्रुपद धरणारा

कोणा मोठ्या गायकाचें चरित्र हातीं आलें कीं त्याच्या कीर्तीचीं प्रकरणें आम्ही भराभर उलटतों आणि ज्या काळीं त्याला कोणी ओळखत नव्हतें त्या काळापाशीं रेंगाळतों. ही आमची जुनी खोड आहे. सत्काराच्या शाली सगळ्यांच्या सारख्याच असतात; उमेदवारीचीं वर्षें मात्र ज्याचीं त्याचीं निराळीं.

अमेरिकेंत ‘कंट्री’ या नांवानें ओळखलें जाणारें जें खेड्यापाड्यांचें गाणें आहे, त्याची आम्हांस ओळख करून दिली ती एका विद्यार्थ्यानें. मुलगा लातूरकडचा; चाकणच्या एका कारखान्यांत कंत्राटावर कामाला. रात्रपाळी संपवून तो पिंपरीला आमच्या इंग्रजीच्या तासाला येई आणि मागच्या बांकावर डोळे ताणून बसे. वर्डस्वर्थचें सामर्थ्य मोठें खरें, पण बारा तास यंत्रापाशीं उभ्या राहिलेल्या माणसाच्या झोपेपुढें तें चालत नाहीं. आम्हीहि त्याला कधीं जागें केलें नाहीं. एके दिवशीं तास संपल्यावर तो टेबलापाशीं आला आणि मोबाइलवर त्यानें आम्हांला एक गाणें ऐकविलें. गाणारा जिमी रॉजर्स. हा गृहस्थ आगगाडीवर ब्रेक सांभाळण्याची नोकरी करी. पुढें क्षय जडला, तें काम सुटलें, आणि १९२७ च्या ऑगस्टांत टेनेसींतल्या ब्रिस्टल गांवीं त्याचें गाणें प्रथम मुद्रित झालें. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत, १९३३ सालीं, तो वारला. त्याच्या मागून नांवारूपाला आलेल्या हँक विल्यम्सला गिटारीचे धडे दिले ते रूफस पेन नांवाच्या एका कृष्णवर्णी, रस्त्यावर वाजविणाऱ्या वादकानें. ही सारी माहिती त्या मुलाला मुखोद्गत होती. आमचा अभ्यासक्रम तितका नव्हता.

“सर, ही त्यांच्या गावाकडची गाणी,” तो म्हणाला. “रेल्वे, दारू, तुरुंग आणि आई. आपल्याकडं असं स्वतःच लिहून स्वतःच गाणारं कोण झालं?”

आम्ही हंसून विचारलें, “देहू इथून किती लांब आहे रे?”

तुकोबांना गीतकार आणि गायक म्हटल्यानें कोणास दोष लागेल असें आम्हांस वाटत नाहीं. खेड्यांतला वाण्याचा धंदा, १६३० चा दुष्काळ, अन्नावांचून गेलेली पहिली बायको, बुडालेलें दुकान: हें त्यांच्या आरंभीच्या आयुष्याचें सामान. संतांनीं विचारलें म्हणून तुकोबांनीं तें एका दीर्घ अभंगांत स्वतःच सांगितलें आहे, आणि सांगतांना कोठेंहि गळा काढलेला नाहीं. तो अभंग आम्ही किती वर्षें वाचीत होतों! पण त्या मुलाला त्याचा अर्थ सांगतांना एका चरणापाशीं आम्ही प्रथमच अडखळलों. देवाचें पडकें देऊळ नीट करण्याचें मनांत आलें, मग एकादशीला कीर्तन करूं लागलों, पण अभ्यासाची संवय नव्हती, म्हणून संतांचीं कांहीं वचनें पाठ केलीं, आणि पुढें जे गात त्यांच्या मागें उभें राहून ध्रुपद धरलें, असा तो क्रम आहे. कवित्व आलें तें त्यानंतर. स्वप्नांत नामदेवांनीं येऊन काव्य करण्याची आज्ञा केली, ही हकीकत सर्वांस ठाऊक असते. त्याआधीं हा माणूस दुसऱ्याचें ध्रुपद धरून उभा होता, हें कोणी फारसें सांगत नाहीं. एक शोक आणि एक स्वप्न यांच्यामध्यें केवढा तरी काळ मागल्या रांगेंत गेला असला पाहिजे.

मुलगा ऐकत होता. दुसऱ्या दिवशीं त्यानें आपली वही आणून दिली. दोनशें पानी, कोपरे मुडपलेली. आंत एकोणीस गाणीं.

आतां जें सांगावयाचें तें सांगतांना आमची लेखणी अडते. तीं गाणीं पहांटेच्या कंपनीच्या बसवर होतीं, महाळुंग्याच्या खोलींत पाण्याच्या बादल्या मोजणाऱ्या घरमालकावर होतीं, ‘जेवलास का’ एवढेंच फोनवर विचारणाऱ्या आईवर होतीं. आम्हीं तीं वाचलीं तीं हातांत तांबड्या शाईचें पेन घेऊन. येथें दोन मात्रा अधिक, तेथें यति चुकला, हा शब्द ग्राम्य, हें यमक कच्चें. बसच्या गाण्याचें ध्रुपद तर आम्हीं समूळ बदलून दिलें, आणि आमचें ध्रुपद वृत्तांत चोख बसत होतें याचा आम्हांस त्या वेळीं अभिमानहि वाटला. आठवड्यानें वही परत करतांना आम्ही सांगितलें, “आधीं माधवराव पटवर्धनांची ‘छंदोरचना’ वाच. मग गाण्याचें पाहूं.”

त्यानें वही चाळली. पानोपानीं तांबडें झालेलें पाहिलें. “बरं सर,” म्हणाला. “राहू द्या तुमच्याकडंच.” परीक्षा देऊन तो गेला. वही आमच्या कपाटांत राहिली.

वाघोलीच्या रामेश्वर भटांविषयीं आम्ही तीस वर्षें वर्गांत एका ठराविक सुरांत बोलत आलों. विद्वान माणूस, शास्त्राचा जाणता. त्याच्या आक्षेपामुळें तुकोबांना आपल्या वह्या इंद्रायणींत बुडवाव्या लागल्या, असें परंपरा सांगते. तेरा दिवसांनीं त्या कोरड्या वर आल्या अशी श्रद्धा आहे. दुसरेहि एक मत आहे, कीं वह्या गेल्या तरी अभंग लोकांच्या तोंडीं होते, आणि लोकांनींच ते परत दिले. आम्ही इंग्रजी शिकलेले, म्हणून हें दुसरें मत आम्हांस नेहमीं जवळचें वाटे. पण रामेश्वर भट दुष्ट नव्हते, आणि पुढें तेच तुकोबांचे भक्त झाले, हा भाग आम्ही घाईनें उरकीत असूं. अलीकडे उरकवत नाहीं.

तुकोबांचे अभंग उतरून घेणारे संताजी जगनाडे हे चाकणचे, तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे. त्यांच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनीं गाथा छापला. आज चाकणला कांद्याबटाट्यांच्या बाजारापेक्षां मोटारींच्या कारखान्यांची ख्याति अधिक, आणि ज्या भामचंद्राच्या डोंगरावर तुकोबा एकांतासाठीं जात, त्याच्या पायथ्याकडे पत्र्याच्या शेडांच्या रांगा दिसतात. त्या शेडांकडे पाहून पूर्वी आम्ही उसासे टाकीत असूं. संताजींच्या गांवीं आतां कोण काय उतरून घेत असेल, हा प्रश्न आम्हांस कधीं पडला नव्हता.

दोन वर्षांनीं फोन आला. “सर, रविवारी या. खोलीवर पोरं गाणार हैत.”

आम्ही गेलों. जातांना ती वही पिशवींत घेतली. परत द्यावी, आणि जमल्यास दोन शब्द बोलावे, असें मनांत होतें. महाळुंग्याला चार मजली इमारतीची गच्ची. वाळत घातलेले गणवेश एका बाजूला सारलेले. वीसएक मुलें, एक ढोलकी, दोन झांजा, आणि त्याची ती जुनी गिटार. आमच्यासाठीं खुर्ची मांडली होती. तेवढ्या गच्चीवर तीच एक. अर्धा तास आमचा विद्यार्थी गायलाच नाहीं. पुढें विदर्भांतला एक प्रौढ कामगार भजनें म्हणत होता, आणि हा मागें उभा राहून ध्रुपद धरीत होता. मग त्या प्रौढानें त्याला हात धरून पुढें ओढलें.

त्यानें बसचें गाणें काढलें. पहिल्याच ओळीला सगळी गच्ची गाऊं लागली. कोणाच्या हातांत कागद नव्हता. आम्ही ऐकत होतों तें आम्हीं दुरुस्त केलेलें ध्रुपद नव्हे, त्याचें मूळचें. आणि ज्या ठिकाणीं आम्हीं दोन मात्रा अधिक म्हणून तांबडी रेघ मारली होती, तेथें येऊन वीस मुलांनीं बसच्या पत्र्यावर थाप मारावी तशा दोन टाळ्या दिल्या. त्या दोन मात्रा त्या टाळ्यांसाठीं होत्या. बस थांबते ती त्या जागीं.

कोणीतरी आमच्या हातांत झांज दिली. आम्ही खुर्चीवरून उठलों आणि मागच्या रांगेंत जाऊन उभे राहिलों. वही पिशवींतच होती. दुसऱ्या फेरीला आम्हीं वाजविलें आणि नेमके त्याच ठिकाणीं आधीं पडलों. शेजारचा मुलगा आमच्या कानाशीं वांकला.

“सर, तितं थांबायचं असतंय.”

तिसऱ्या फेरीला आम्ही थांबलों.