आकृती आणि नमुना

महाराष्ट्रातील शालेय जीवशास्त्राचा जो भाग विद्यार्थ्याच्या हातात पक्का बसतो, तो म्हणजे सुबक नामनिर्देशित आकृती. पेशी, पानाचा छेद, मानवी हृदय आणि मूत्रपिंड यांच्या आकृत्या बारावीपर्यंत इतक्या वेळा काढून झालेल्या असतात की पेन्सिल आपोआप योग्य वळणे घेते, उजवीकडे समांतर रेषा ओढल्या जातात आणि त्यांच्या टोकांशी नावे लिहिली जातात. हे शिक्षण टाकाऊ नाही. शेकडो नमुने पाहून, त्यांतले समान ते ठेवून आणि वेगळे ते गाळून केलेला सारांश म्हणजे आकृती, आणि सारांशावाचून कोणत्याही शास्त्रात पाऊल पुढे पडत नाही. परंतु ज्याचा तो सारांश आहे ती मूळ वस्तू न पाहताच सारांश पाठ झाला, तर ते ज्ञान उसनेच राहते. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन होणाऱ्या बी.एस्सी.चे खरे काम या ठिकाणी सुरू होते: आकृती घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला नमुन्यासमोर बसवायचे, आणि दोहोंमध्ये जे अंतर आढळेल ते वाचायला शिकवायचे.

हे अंतर प्रथम जाणवते ते बहुधा कांद्याच्या मुळाच्या टोकापाशी. पेशीविभाजनाच्या प्रात्यक्षिकासाठी पाणी भरलेल्या बाटलीच्या तोंडावर कांदा ठेवतात. काही दिवसांत त्याला पांढरी मुळे फुटतात, आणि ती सकाळच्या वेळी कापून ॲसिटिक आम्ल व अल्कोहोल यांच्या मिश्रणात टाकतात. या मिश्रणाला स्थिरक म्हणतात, कारण त्यात पेशी ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत थांबतात. नंतर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मुळे किंचित ऊन केली की पेशींना एकमेकींशी जोडणारा थर सैल होतो. मग ॲसिटोकार्मिनचा किरमिजी रंग देऊन, टोकाचा जेमतेम दोन मिलिमीटर भाग काचपट्टीवर घेऊन त्यावर कव्हरस्लिप टेकवतात, वर टिपकागदाची घडी ठेवतात आणि अंगठ्याने सरळ खाली दाबतात. अंगठा सरकला तर पेशी गुंडाळल्या जातात, दाब कमी पडला तर त्या एकमेकींवर चढून राहतात, आणि जास्त झाला तर काच तडकते.

एवढे करून सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते ते पुस्तकातील पानासारखे नसते. पुस्तकात पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था अशा चार चौकटी एका ओळीत, सारख्या आकाराच्या असतात; स्लाइडवर मात्र बहुसंख्य पेशी गोल, अखंड केंद्रक घेऊन दोन विभाजनांच्या मधल्या काळात थांबलेल्या दिसतात, पूर्वावस्थेतल्या काही सापडतात, आणि गुणसूत्रे मधोमध रांगेत आलेली किंवा दोन टोकांकडे ओढली जात असलेली पेशी शोधण्यासाठी स्लाइड बराच वेळ इकडून तिकडे सरकवावी लागते. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात हे पाठ असले, तरी ती सुटी मोजता येतील अशी पेशी क्वचितच हाती लागते. विद्यार्थ्याला वाटते, आपले काही तरी चुकले. वास्तविक चुकलेले काही नसते. जी अवस्था अधिक काळ टिकते तिच्यातल्या पेशी अधिक दिसतात आणि जी लवकर सरते तिच्यातल्या कमी, म्हणजे थांबवलेल्या पेशींच्या त्या गर्दीत काळाचे माप असते. एकूण पेशींपैकी किती पेशी विभाजनात आहेत या प्रमाणाला विभाजन निर्देशांक म्हणतात. वाढीचा वेग, एखाद्या रसायनाचा पेशींवरील परिणाम किंवा गाठीची कर्करोगी वाढ किती जोमाची आहे, हे अजमावताना त्याचा आधार घेतला जातो. सारख्या आकाराच्या चार चौकटींमध्ये हे माप मावत नाही. ते वाचण्यासाठी स्लाइडच लागते.

यातूनच जीवशास्त्राच्या स्वभावाविषयीची एक मूलभूत गोष्ट उलगडते. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकाच राशीची दोन मापे जुळली नाहीत, तर त्या फरकाला त्रुटी म्हणतात आणि ती कमी करण्याची खटपट करतात. जांभळ्या पोटाच्या ऱ्हिओच्या पानाची खालची साल सोलून तिच्यावरील पर्णरंध्रे, म्हणजे दोन रक्षक पेशींच्या मधली वायूंची ये-जा करणारी सूक्ष्म छिद्रे, मोजायला घेतली, तर दोन पानांचे आकडे जुळत नाहीत, आणि एकाच पानाच्या दोन भागांचेही जुळतीलच असे नाही. यातला थोडा भाग मोजणाऱ्याच्या चुकीचा असेलही, परंतु ऊन, पाणी, पानाचे वय आणि आनुवंशिकता यांनी घडवलेला जो फरक मागे उरतो तो या शास्त्राचा प्रत्यक्ष विषय आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८४६ ते १८५४ ही आठ वर्षे बार्नेकल या खडकांना आणि जहाजांच्या तळांना चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवांचे विच्छेदन करण्यात घालवली, आणि एकाच जातीतील जीवांचे अवयवही एकमेकांपासून किती भिन्न असतात हे त्यांना त्या कामात सतत दिसत राहिले. वर्गीकरण करणाऱ्याला ही भिन्नता डोकेदुखी ठरते. परंतु १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या उत्क्रांतीवरील ग्रंथात नैसर्गिक निवडीला लागणारा कच्चा माल तोच ठरला. सर्व व्यक्ती आकृतीबरहुकूम असत्या तर निवडायला काहीच उरले नसते.

गणिताला कंटाळून जीवशास्त्राकडे वळलेल्या विद्यार्थ्यांना जैवसांख्यिकी शिकावी लागते ती याच कारणाने. सरासरीभोवती मापे किती विखुरली आहेत हे सांगणारे प्रमाण विचलन, किंवा दोन गटांतील फरक केवळ योगायोगाचा आहे की खरा आहे हे तपासणाऱ्या कसोट्या, या बाहेरून आणून लादलेल्या गोष्टी नाहीत. रोनाल्ड फिशर यांनी १९१९ पासून इंग्लंडमधील रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात काम करताना विचरणाच्या विश्लेषणाची रीत घडवली, आणि त्यांच्यासमोरचा प्रश्न शेताच्या दोन तुकड्यांतील पीक सारखे का येत नाही हाच होता. सजीव सारखे नसतात ही अडचण इतक्या गंभीरपणे घेतली गेली की तिच्यातून गणिताची एक शाखा बहरली.

असे असूनही पदवीच्या वर्गात आकृतीचे वर्चस्व सहजासहजी ढळत नाही. प्रात्यक्षिक परीक्षेला बसण्यासाठी विभागप्रमुखांच्या सहीचे जर्नल लागते, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री त्यातील आकृत्या सिनिअरच्या जर्नलवरून उतरवल्या जातात. सिनिअरने त्या त्याच्या सिनिअरकडून घेतलेल्या असतात. अशा रीतीने सूर्यफुलाच्या खोडाचा एकच छेद वर्षानुवर्षे वह्यांमधून फिरत राहतो, आणि ज्या खोडाचा तो छेद होता त्याच्याकडे कोणी पुन्हा पाहत नाही. स्पॉटिंगच्या टेबलावर घंटेच्या ठोक्यासरशी पुढच्या नमुन्याकडे सरकताना ओळखण्यापुरताच वेळ मिळतो, निरखण्यापुरता नाही. दोष विद्यार्थ्यांच्या आळसाचा नाही. गुण जुळण्याला मिळतात, पाहण्याला मिळत नाहीत, आणि विद्यार्थी त्याप्रमाणे वागतात.

विच्छेदनाच्या प्रश्नाचाही याच अंगाने विचार करायला हवा. प्राणिशास्त्राच्या कित्येक पिढ्या मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून बसवलेल्या बेडकावर शिकल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये ते पदवी स्तरावरून हद्दपार केले. हा निर्णय योग्यच होता. जो प्राणी भातखाचरांतील किडे खाऊन शेतकऱ्याचे काम हलके करतो, त्याला पाठ्यपुस्तकात आधीच असलेल्या माहितीच्या पडताळणीसाठी मारणे कोणत्याही नीतीत बसत नाही. परंतु संगणकाच्या पडद्यावरील बेडूक नेहमी एकच बेडूक असतो. त्याची धमनी नेहमी ठरलेल्या ठिकाणीच फुटते, त्याच्या यकृताचा रंग कधी बदलत नाही, आणि त्यामुळे नमुना गेला तेव्हा त्याच्या जागी पुन्हा आकृतीच येऊन बसली. यावरचा उपाय ट्रेमध्ये परतण्याचा नाही. तो पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यांत रात्री बांधावर जाऊन जिवंत बेडकांचे आवाज ओळखण्याचा, त्यांची अंडी आणि डिंभ यांच्यावर दिवसागणिक लक्ष ठेवण्याचा आहे. ज्या पश्चिम घाटातून या शतकात बेडकांच्या अनेक नव्या जाती शास्त्राला कळल्या, त्याच्या पायथ्याशी असलेल्या महाविद्यालयांना नमुन्यांची वाण पडण्याचे कारण नाही.

वनस्पतिशास्त्राच्या सहलीत हे भाग्य अजून टिकून आहे. सातारा शहराच्या पश्चिमेस असलेले कास पठार म्हणजे जांभ्या दगडाचा विस्तीर्ण सडा; त्यावरील माती पातळ, नत्रवायूच्या संयुगांनी दरिद्री आणि पावसाळ्यात पाण्याने थबथबलेली असते. सप्टेंबरच्या सुमारास तेथे सीतेची आसवे या नावाने ओळखली जाणारी निळी-जांभळी फुले गवतातून वर येतात. बारीक देठावरची ही नाजूक फुले पाहून जो विद्यार्थी गुडघे टेकून मातीत बोटे घालतो, त्याला देठाखाली मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान पिशव्या सापडतात. पिशवीच्या दारावरील केसांना एखादा सूक्ष्म जीव लागला की ते दार सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात उघडते, जीव पाण्यासकट आत ओढला जातो आणि दार मिटते. मातीत नसलेले नत्र ही वनस्पती अशा रीतीने मिळवते. जमीन, पाऊस, भूक आणि फूल यांचा असा परस्परसंबंध पुस्तकात चार वेगवेगळ्या प्रकरणांत विभागलेला असतो, आणि येथे तो वीतभर जागेत एकत्र आढळतो.

सहलीतून आणलेली वनस्पती वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये दाबून ठेवतात, पावसाळी हवेत बुरशी धरू नये म्हणून कागद रोज बदलतात, आणि वाळल्यावर साधारण ४२ सेंटिमीटर लांब व २८ सेंटिमीटर रुंद अशा जाड कागदावर चिकटवून खालच्या कोपऱ्यात नाव, कुल, ठिकाण, तारीख आणि संग्राहक यांची नोंद करतात. नाव ठरवण्यासाठी थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची आजही काढली जाते; मूळचे अभियंते असलेल्या आणि पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषवलेल्या कुक यांनी ती १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केली. तीत परस्परविरोधी विधानांच्या जोड्या दिलेल्या असतात, आणि पाने समोरासमोर की एकाआड एक, पाकळ्या सुट्या की जुळलेल्या, असे दर पायरीवर हातातल्या झाडाला विचारत जावे लागते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियमचा आरंभ १९०६ सालचा आहे, आणि अशा संग्रहांतील पिवळ्या पडलेल्या पानांवरील तारखांवरून एखादी वनस्पती शंभर वर्षांपूर्वी कोठे वाढत होती आणि कोणत्या महिन्यात फुलत होती हे आजच्या अभ्यासकाला कळते. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, आणि तीन वर्षांच्या पदवीत तो बहर एखाद्या तुकडीच्या वाट्याला न येणेही शक्य असते. तिच्यासाठी कोणी तरी आधी पाहून, तारीख घालून ठेवलेले असावे लागते. विद्यार्थ्याने केलेला कागदही व्यवस्थित असेल तर याच साखळीचा दुवा होतो.

या वर्गांत बसणाऱ्यांपैकी अनेकजण वैद्यकीय प्रवेशाची वाट बंद झाल्यामुळे आलेले असतात, आणि पहिले वर्ष ते ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा पुन्हा देण्याच्या आशेत मनाने बाहेरच उभे राहून काढतात. त्यांची निराशा खरी आहे. घरच्यांनी क्लासच्या शुल्कासाठी काढलेले कर्जही खरे असते. परंतु या विषयाचा इतिहास आडवाटेने आलेल्यांनी घडवला आहे हेही त्यांना कोणी तरी सांगितले पाहिजे. सालिम अली मुंबईत व्यापारी कायदा आणि हिशेब शिकत असताना सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवले; विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे त्यांना भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत जागा मिळाली नाही, आणि तरीही भारतीय पक्ष्यांविषयीचे ज्ञान त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले. १९११ च्या सुमारास त्यांना कोयनेच्या खोऱ्यात गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळली, आणि ज्या प्रजातीतील जीव तोवर आफ्रिकेतूनच माहीत होते तिचा एक सदस्य सह्याद्रीत सापडला. पुढे १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेली जी संशोधन संस्था त्यांनी उभी केली, ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कोयनेचे पाणी तोवर असंख्य लोकांनी पाहिले होते. पुस्तकाप्रमाणे जे तेथे असायला नको ते आहे असे म्हणण्याची तयारी एका तरुण अभ्यासकाची होती.

पदवीनंतर बहुतेकजण संशोधनाकडे जात नाहीत. कोणी बी.एड. करून शाळेत शिकवतो, कोणी पॅथॉलॉजी लॅबमध्ये किंवा औषधनिर्मितीच्या कारखान्यात गुणवत्ता तपासतो, कोणी स्पर्धा परीक्षा देऊन तालुक्याच्या कचेरीत रुजू होतो. तेथेही ही सवय उपयोगी पडते: रक्ताचा अहवाल नेहमीच्या मर्यादेबाहेर गेला म्हणून तो लगेच चुकीचा न मानणारा तंत्रज्ञ, सडा म्हणजे पडीक जमीन असे कागदावर लिहिलेले असूनही स्वतः जाऊन पाहणारा अधिकारी, आणि वर्गातील सगळी मुले एका साच्यातली नसतात हे जाणणारा शिक्षक यांची समाजाला गरज आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने चौथ्या वर्षात संशोधन प्रकल्पाची सोय केली आहे, पण ही सवय चौथ्या वर्षापर्यंत थांबवून ठेवण्यासारखी नाही. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेतच पुस्तकाशी जुळणाऱ्या आकृतीपेक्षा समोरच्या स्लाइडशी जुळणाऱ्या आकृतीला अधिक गुण मिळावेत, फरक दिसला तर तो का असावा यासाठी दोन ओळींची जागा उत्तरपत्रिकेत असावी, आणि जर्नलच्या प्रत्येक पानावर नमुना कोठून आणला व कधी पाहिला याची नोंद सक्तीची असावी. एवढा बदल करायला नवी इमारत लागत नाही आणि निधीही लागत नाही. ज्या दिवशी परीक्षक न जुळणारी रेघ पाहून ती खोडण्याआधी सूक्ष्मदर्शकात डोकावेल, त्या दिवसापासून विद्यार्थीही डोकावू लागतील.