फूल येईपर्यंत

बदलापूरला पाऊस एकदा स्थिरावला की आमचं परसदार आमच्या ताब्यात राहत नाही. वैशाखभर जी जमीन भेगाळून, टणक होऊन पडलेली असते, तिच्यावर मृगाच्या सरींनंतर हिरवी झाक येते आणि चार-आठ दिवसांत पाऊल ठेवायला कोरी जागा उरत नाही. विहिरीचा कट्टा, कपडे धुवायचा दगड, फणसाचा बुंधा, मागच्या भिंतीचा पाया, जिथे चिमूटभर माती तिथे काहीतरी उगवलेलं असतं. चंदेरीचा सुळका ढगात गेलेला, घरात वाळत घातलेल्या कपड्यांचा दमट वास, पागोळ्यांचा एकसुरी आवाज, आणि मागच्या दारी हे सगळं अनाहूत हिरवं. यातलं आम्ही काहीही पेरलेलं नसतं.

मग हे येतं कुठून? काही बिया जमिनीतच पडून असतात, वर्षानुवर्षं पावसाची वाट बघत. भिंतीच्या फटीतला पिंपळ साळुंकीच्या नाहीतर बुलबुलाच्या विष्ठेतून आलेला असतो. कुंपणाकडची घाणेरीही तशीच. आघाड्याची टोकदार फळं पायजम्याच्या कडेला नि साडीच्या काठाला अडकून येतात, पुनर्नव्याची चिकट फळं गुराढोरांच्या अंगाला लागून. एकदांडीचं बी आपल्या केसाळ छत्रीवर तरंगत कुठल्याही गच्चीवरून उतरतं. नर्सरीतून गुलाब आणला तर त्याच्या मातीत आणखी तीन-चार पाहुणे असतात. घराच्या दाराला कुलूप लावता येतं, परसदाराला लावता येत नाही.

पहिल्या आठवड्यात बहुतेकांचे चेहरे सारखेच. दोन मांसल दलं, मध्ये एक सुईच्या टोकाएवढा कोंब. ही दलं गळून खरी पानं आली की कुळं हळूहळू उघडी पडू लागतात. टाकळ्याची संयुक्त पानं आली की तीन जोड्या मोजायच्या. भुईमुगाला दोनच असतात. संध्याकाळी टाकळा आपली पर्णिकांची जोडी-जोडी मिटून घेतो, तेव्हा त्याच्याविषयी शंका उरत नाही. भुईआवळाही तिन्हीसांजेला पानं मिटतो, आणि त्याची डहाळी उलटी केली की पानांच्या खालच्या अंगाला मोहरीएवढी फळं ओळीनं लागलेली दिसतात. आंबुशीचं पान म्हणजे तीन बदामी पर्णिका, चावलं की आंबट. नायटीचं देठ मोडलं की पांढरा चीक. माक्याचं खोड बोटांत चुरडलं की थोड्या वेळानं बोटं काळी पडतात. केसांच्या तेलात माका का घालतात, ते तिथल्या तिथे कळतं. एकदांडीचं पान खरखरीत, दातेरी. खेड्यातली पोरं गुडघा फुटला की तेच चोळून लावतात.

ही ओळख डोळ्यांइतकीच हातांची, नाकाची आणि जिभेची आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. तुळशीच्या कुळातल्या झाडाचं खोड चौकोनी असतं, हे वाचून लक्षात राहत नाही. अंधारात बोटांनी फिरवून बघितलं की जन्मभर राहतं. अर्थात जीभ लावायची ती नाव पक्कं असलेल्या झाडालाच. धोतराही याच मातीत उगवतो.

आमच्या विहिरीच्या ओल्या बाजूला केना माजतो. सकाळी त्याची दोन निळ्या पाकळ्यांची फुलं हिरव्या पन्हळीसारख्या छदातून वर आलेली असतात. तिसरी पाकळी इतकी लहान की शोधावी लागते. दुपार होता होता फूल मिटतं. एवढं सगळ्यांना दिसतं. पण केन्याचं एखादं रोप मुळासकट अलगद काढून धुवून पाहावं. मुळांच्या जवळ, मातीत, पांढऱ्या फिकट फांद्या असतात आणि त्यांवर बारीक बंद कळ्या. ही फुलं कधीच उमलत नाहीत. उजेड नाही, मधमाशी नाही. आतल्या आतच त्यांचं परागण होतं आणि मातीतच बी धरतं. वरचं रोप खुरप्यानं कापलं, गुरांनी खाल्लं, उन्हानं वाळलं, तरी खालची तजवीज झालेली असते. शेतकरी केन्याला का वैतागतो ते यातून समजतं. मी मात्र ते रोप हातात धरून बराच वेळ उभी राहते. एकाच झाडानं सकाळच्या उन्हासाठी एक फूल ठेवावं आणि अंधारासाठी दुसरं, याची मला दर वर्षी नव्यानं अपूर्वाई वाटते.

यंदा धुण्याच्या दगडामागे एक वेगळंच रोप आलं. जाड, सरळ खोड. त्यावर ताठ, टोचरे केस. पानं आधी गोलसर, पुढे बोटांसारखी फाटलेली. भेंडी म्हणावी तर तिथे भेंडी कधी लावली नव्हती. अंबाडी म्हणावी तर खोडाला ती लाली नव्हती. फोनमध्ये फोटो काढून विचारलं तर त्यानं चार नावं पुढे केली, चारही जवळपासची. अशा वेळी करण्यासारखी एकच गोष्ट असते: खुरपं त्या दगडापासून लांब ठेवायचं आणि फुलाची वाट बघायची.

फुलाची ही वाट वनस्पतिशास्त्रालाही चुकलेली नाही. लिनीअसनं १७५३ साली ‘स्पीशीज प्लांटॅरम’मध्ये वनस्पती मांडल्या त्या फुलातल्या पुंकेसरांच्या आणि स्त्रीकेसरांच्या हिशेबानं. त्याची वर्गवारी पुढे मागे पडली, पण फुलाचा मान गेला नाही. कारण पान परिस्थितीप्रमाणे वागतं. सावलीत रुंद होतं, उन्हात आखडतं, पाणी मिळालं की दुप्पट वाढतं; एकाच फांदीवर खाली एक आकार आणि वर दुसरा. फुलाची ठेवण मात्र सहसा बदलत नाही. आमच्या भागापासून घाट चढून गेलं की खंडाळा. तिथल्या झाडाझुडपांवर फादर सांतापाव यांनी लिहिलेला ‘फ्लोरा ऑफ खंडाळा’ १९५३ साली प्रसिद्ध झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे. अशा संग्रहांत दाबून, वाळवून, कागदावर डकवलेल्या नमुन्यांना शक्य तेवढं फूल नाहीतर फळ जपलेलं असतं. त्याच्याशिवाय नमुना अर्धामुर्धाच.

पण फुलाच्या आधीची एक ओळख आहे आणि ती पुस्तकांहून जुनी आहे. आषाढात स्टेशनच्या बाहेर डोंगराकडच्या ठाकर आणि कातकरी बाया रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगीचा पाला, करटोली, त्याआधी शेवळं. शेवळांबरोबर काकडं द्यायला त्या विसरत नाहीत, कारण काकडांच्या आंबटावाचून शेवळं घशाला खाजतात. त्यांच्यातल्या एका मावशींना मी एकदा कुर्डूच्या जुडीतलं एकेक पान निरखत विचारलं, “मावशी, एवढ्या कोवळ्यात कळतं कसं हो तुम्हाला?”

त्या हसल्या. “ताई, फूल धरल्यावर कळून काय उपेग? मग ती भाजी राहते व्हय? जून व्हते.”

त्यांचं म्हणणं माझ्या मनातून गेलं नाही. कुर्डूला गुलाबी-पांढरे तुरे आले की तो कुणीही ओळखेल. टाकळ्याला पिवळी फुलं आली की माळभर दिसतो. पण खाणाऱ्याला तो चार पानांचा असतानाच ओळखावा लागतो, आणि तिथे चूक परवडत नाही. घरातली पोरं ते जेवणार असतात. ज्यांच्या घरी आषाढात कोठी रिकामी होत आली, त्यांनी ही नजर कमावली आणि आईकडून मुलीकडे दिली. तिची नोंद कुठल्याही कागदावर डकवलेली नसते. त्या बायांच्या टोपलीशेजारी बसून शिकावं, एवढी ती मोठी विद्या आहे.

अशी कोवळेपणीची नजर आणखी एका झाडासाठी लागते: गाजरगवतासाठी. ते मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातलं. आपल्याकडे १९५५ मध्ये पुण्यात त्याची ठळक नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. त्यानं कातडीला खाज सुटते, दम लागतो, गुरं त्याला तोंड लावत नाहीत. त्याच्या फुलाची वाट बघायची नाही. बारीक पांढरी फुलं दिसली म्हणजे हजारो बियांची तयारी झाली. जमिनीला चिकटून गोल पसरलेली, गाजराच्या पानासारखी चिरलेली पानं दिसली की हातात पिशवी किंवा मोजे घालून तेव्हाच मुळासकट उपटायचं. मेक्सिकोतून आणलेला एक भुंगेरा १९८४ पासून भारतात त्याच्यावर सोडला गेला. तो त्याची पानं खातो. आणि टाकळा जिथे दाट उठतो तिथे गाजरगवताला डोकं वर काढणं कठीण जातं, म्हणून त्याचं बी मुद्दाम टाकायचा सल्लाही दिला जातो. जी भाजी मावशी जुडी बांधून विकतात, तीच कुंपणाची राखण करते.

आषाढ सरला की परसदाराचा स्वभाव बदलतो. पाऊस मध्येच थांबतो, ऊन पडतं, ओल्या मातीवरून वाफ उठते. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीच्या पूजेला आघाडा आणि दूर्वा लागतात. बाजारात त्यांचे वाटे विकत मिळतात आणि आमच्या भिंतीकडेला दोन्ही गुडघाभर असतात. भाद्रपदात गणपतीच्या पत्रीत आघाडा, दूर्वा, माका, डोरली, धोतरा, रुई, विष्णुक्रांता ही नावं येतात. यातली बहुतेक झाडं कुणी हौसेनं लावत नाही. ती माळावर, बांधावर, उकिरड्याकडेला आपोआप येतात. ज्यांनी ही यादी केली त्यांनी वर्षातून एकदा तरी घरातल्या मुलांना हातात परडी देऊन दाराबाहेर काढलं आणि पानं ओळखायला लावलं. आज एकवीस पत्रींची पुडी दुकानातून तयार येते. त्यात काय काय आहे हे उघडून बघणारं मूल घरात असलं तर पूजेला वेगळाच अर्थ येतो. आमच्याकडे कोकणातल्या रीतीप्रमाणे गौर तेरड्याची. मूळ न तुटता तेरडा उपटायचा, ही कामगिरी शेजारच्या मुली माझ्या परसदारात येऊन करतात आणि जाता जाता कपाळफोडीचे फुगे फोडून आतल्या बिया नेतात. काळ्या बीवर उमटलेला पांढरा बदाम एकीनं दुसरीला दाखवल्यावर तिचे डोळे विस्फारतात, ते बघायला मी कामं टाकून थांबते.

धुण्याच्या दगडामागचं रोप तोवर माझ्या खांद्याला आलं होतं. गौरी जाऊन काही दिवस झाले आणि एका सकाळी ते फुललं. तळहाताएवढं फिकट पिवळं फूल, पाच पाकळ्या, मधोमध गर्द जांभळा डोळा. पुंकेसरांची एक नळी झालेली आणि तिच्या टोकातून पाच गडद ठिपक्यांची कुक्षी बाहेर आलेली. अंगणातल्या जास्वंदीशी ताडून पाहिलं: तीच नळी, तेच पाच ठिपके. कूळ नक्की झालं. पण भाजीच्या भेंडीचं फूलही असंच पिवळं आणि जांभळ्या डोळ्याचं. फरक बघायचा तो फुलाच्या मागे. फूल अलगद उलटं केलं. पाकळ्यांच्या मागे निदलांचा कोश, तो एका बाजूनं उभा चिरलेला. आणि त्याच्याही खाली हिरव्या पट्ट्यांचं आणखी एक कडं. भेंडीला या पट्ट्या अरुंद, दोऱ्यासारख्या आणि जास्त असतात. इथे त्या मोजक्याच होत्या. रुंद, पानासारख्या आणि केसाळ. रानभेंडी. सह्याद्रीच्या उतारांवर पावसाळा संपता संपता फुलणारी. संध्याकाळपर्यंत ते फूल आखडून गेलं. त्याचं आयुष्य एका दिवसाचं. पण वर अजून कळ्या होत्या आणि खाली टोचऱ्या केसांचं, पाच कंगोऱ्यांचं फळ धरायला लागलं होतं.

डोंगरावरची ती माझ्या धुण्याच्या दगडापर्यंत कशी आली, याचा अंदाज बांधता येईल. शेणखताच्या पाटीतून, पुराच्या गाळातून, कुणाच्या चपलेच्या तळव्यातून. मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही की तिला वाढायला तीन महिन्यांची सवलत मिळाली. झाड ओळखायचं तर त्याला त्याच्या गतीनं वाढू द्यावं लागतं. घाई केली तर हाती फक्त ‘तण’ हा एकच शब्द लागतो आणि त्या एका शब्दाखाली माका, केना, पुनर्नवा, रानभेंडी सगळी एका टोपलीत उकिरड्यावर जातात.

आमच्या भागातली अंगणं आता भराभर बुजतायत. चिखल नको, डास नकोत, साप नकोत. कारणं खरी आहेत, आणि गाडी ठेवायला जागाही हवी. म्हणून कोबा होतो, पेव्हर ब्लॉक बसतात, वर कुंड्या येतात. कुंडीत येतं ते आपण ठरवलेलं असतं. ओळखीचं झाड मिळतं, पण आपल्याला न विचारता आलेलं आणि आपल्याला विचारात पाडणारं झाड कुंडीत क्वचित येतं. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. अंगणाला कोबा घाला, पण भिंतीलगत हातभर रुंदीची माती मोकळी ठेवा. तिथलं गाजरगवत तेवढं वेळेवर काढा. बाकी जे येईल ते घटस्थापनेपर्यंत उपटू नका, आणि फूल आलं की घरातल्या लहान मुलाला हाक मारून ते उलटं करून दाखवा.