जड ओझ्याची सावकाश चाल

अमरावतीहून अकोल्यास जातांना एखाद्या अजस्र यंत्रवाहू गाडीमागें अडकून पडलें, कीं आमचीहि चडफड होते. २०२२ च्या जूनांत याच मार्गावर ७५ किलोमीटरांचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम झाला. तेथेंच या धुडानें पायीं चालणाऱ्याच्या गतीनें जावें, ही विसंगति खरीच!

परंतु या मंदगतीमागें विचार आहे. रस्त्याला एकंदर वजनापेक्षां एकेका आंसावरचें वजन अधिक जाचतें. तें दुप्पट झालें, तर झीज सुमारें सोळापट होते. म्हणून २०१८ सालीं सरकारनें चार चाकांच्या एकेरी आंसास साडेअकरा टनांची मर्यादा घातली. ज्याचे तुकडे करतां येत नाहींत असें ओझें न्यावयाचें, तर तें अनेक आंसांवर वांटावें, मार्ग आधीं कळवावा, वाटेवरील पुलांची शक्ति पाहावी आणि मग परवाना मिळावा. २०१९ सालीं महाराष्ट्रांतून निघालेलें अवकाश-संशोधनाचें सुमारें ७० टनांचें यंत्र ७४ चाकांच्या गाडीवरून तिरुवनंतपुरास पोहोंचावयास वर्ष लागलें.

परवाना चुकवून रात्रींतून निघून जाणारा आपले दिवस वांचवितो. पण वऱ्हाडची काळी जमीन पावसांत फुगते, उन्हांत भेगाळते. तिच्यावरचा खचलेला पूल त्यास पुन्हां दिसत नाहीं. कापसाची गाडी घेऊन निघालेल्या शेतकऱ्यास मात्र तो रोज ओलांडावा लागतो.